दोन खोल्यांचं संग्रहालय ऑनलाइन कसं आणायचं (आमच्या चुकांसकट)

मराठवाड्यातल्या आमच्या संग्रहालयात एक लाकडी वस्तू होती. ओंजळीएवढी वाटी आणि बुडाला तीन भोकं. नोंदवहीत कुण्या जुन्या सरांनी लिहून ठेवलेलं, 'लाकडी पात्र, उपयोग माहीत नाही'. वीसेक वर्षं ती तशीच काचेत पडून होती, आम्ही पोरं शेतकऱ्याचीच पण ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर वाढलेली, त्यामुळं आम्हालाही काही सुधरेना. एका रविवारी सहज फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, हे काय आहे कुणाला माहितंय का. तासाभरात पन्नासेक कमेंट. 'आवं ते चाडं हाय की!' 'तीन भोकं म्हंजी पेरायच्या तिफणीचं, भोकातून नळ्या खाली फणात जात्यात.' एकानं तर आम्हाला धुतलंच, म्हणे चाड्यावर मूठ म्हणता ते कशावर म्हणता मग. संध्याकाळी औशाकडच्या एका मावशींचा व्हॉइस मेसेज आला, मूठ किती आवळायची आणि किती सैल सोडायची, आवळली तर तासात खाडे पडतात आणि सोडली तर बी दाट पडतं, त्यांच्या सासूनं कसं शिकवलं, असं चार मिनिटं. नोंदवहीतला तो रकाना वीस वर्षांनी भरला.

हे आधी सांगायचं कारण, लोक विचारतात की छोट्या संग्रहालयाला सोशल मीडिया कशाला पाहिजे, आणि आपण उत्तर देतो 'प्रसिद्धीसाठी'. प्रसिद्धी होते थोडीफार, पण आपल्या भागातल्या वस्तूंची निम्मी माहिती पुस्तकात नाहीच, ती लोकांच्या डोक्यात आहे आणि ते लोक आता सत्तरी-ऐंशीचे झालेत. ती माहिती विचारून घ्यायला याच्याइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. त्यामुळं खाली जे लिहितोय ते दाखवण्याबद्दल कमी आणि विचारण्याबद्दल जास्त आहे. शाळेचं संग्रहालय असो, संस्थेचं असो, नाहीतर गावातल्या एखाद्या आजोबांनी पडवीत जमवलेला संग्रह असो, तिघांनाही चालेल. आणि पडवीतल्याला कमी समजू नका, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आज सरकारी आहे पण त्याचं मूळ एका माणसानं गावच्या पांढरीतून (म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून) जमवलेल्या वस्तूंतच आहे.

पेज काढायच्या आधी गूगल मॅप

सगळे आधी इन्स्टा उघडतात. थांबा. आधी गूगल मॅपवर तुमचं संग्रहालय आहे का बघा. बहुतेक वेळा असतं, कुणीतरी येणाऱ्यानं टाकलेलं, नावात चूक, टायमिंग चुकीचं आणि फोटो म्हणून शेजारच्या हॉटेलातली मिसळ. आमच्या पानावर 'रोज उघडं' असं होतं आणि आम्ही सोमवारी बंद. परभणीहून एक कुटुंब लहान पोरं घेऊन सोमवारी येऊन कुलूप बघून गेलं आणि एक स्टार देऊन गेलं, त्यांचं चुकलं काहीच नाही.

तर त्या पानाचा ताबा घ्या. 'हा व्यवसाय तुमचा आहे का' अशी लिंक असते, ती दाबून पुढं जायचं, गूगल खात्री करायला बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, त्यात बाहेरचा रस्ता, पाटी, कुलूप उघडतानाचा हात आणि आतली खोली एका दमात दाखवायची. मग टायमिंग, सुट्टीचा वार, फोन नंबर (जो खरंच कुणी उचलतं असा), तिकीट किती, गाडी कुठं लावायची, बाथरूम आहे का. बायकामाणसं घेऊन येणारा माणूस हे शेवटचं आधी बघतो. दिवाळी-पाडव्याला बंद असेल तर आधी टाका. एवढं केलं तरी तुमचं निम्मं इंटरनेटचं काम झालं, बाकीचं मी सांगतोय ते नंतर केलं तरी चालेल.

आणि नाव. आपल्याकडं दोन जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये अधिकृत बदलली, पण लोक अजून दोन्ही नावानं शोधतात आणि जुनी कागदपत्रं, जुने लेख, जुने गॅझेटिअर सगळे जुन्या नावाखाली आहेत. म्हणून माहितीत धाराशिव आणि उस्मानाबाद, छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, दोन्ही लिहा. त्यावरून कमेंटमध्ये भांडण होईल, होऊ द्या, शोधणाऱ्याला सापडणं महत्त्वाचं. तसंच एक ओळ इंग्रजी अक्षरातली मराठी पण टाका कारण निम्मी जनता किल्ला हा शब्द 'killa' असाच टाइप करते.

फोटो

इथं जरा वेळ घालवा, कारण पोस्ट उद्या विसरली जाते पण फोटो कायमचा रेकॉर्ड असतो.

२६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं नैसर्गिक इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आगीत गेलं. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलमध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना लोकांना आवाहन करावं लागलं की तुम्ही कधी भेट दिली असेल तर तुमच्या मोबाइलमधले फोटो पाठवा. म्हणजे एवढं मोठं संग्रहालय आणि शेवटी पर्यटकांच्या सेल्फीतून वस्तू शोधायची वेळ. आपल्या खोल्यांचं वायरिंग आठवा आणि मग ठरवा फोटो कधी काढायचे ते.

महागडा कॅमेरा नको. सकाळी खिडकीतून जो मऊ उजेड येतो त्यात टेबल लावा, खाली अस्तराचं काळं किंवा राखाडी कापड (चकाकणारं नको), वस्तूशेजारी शाळेची सहा इंची पट्टी आणि नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी. फ्लॅश बंद. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, आणि बूड. बूड विसरू नका, तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं ते बुडाला नाहीतर काठाला, आणि त्या नावावरून आमच्याकडं एक घागर कुठल्या घराची ते कळलं होतं. तुटलेला कोपरा, चीर, डाग यांचा वेगळा जवळून फोटो. वस्तू चोरीला गेली तर पोलिसांना ओळख पटवायला हेच खुणेचे फोटो लागतात, 'पितळी मूर्ती, सुंदर' असं लिहून काही होत नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात निघाला, आणि पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं काही दशकांपूर्वी देवळात काढून ठेवलेल्या जुन्या फोटोंशी ताडून बघितल्यामुळं तो आपलाच हे दाखवता आलं, २०१४ मध्ये तो परत आला. तो फोटो काढणाऱ्याला त्या दिवशी वाटलं तरी असेल का.

नाणी घासू नका. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, काहीच नाही. चकचकीत नाणं फोटोत छान दिसतं आणि अभ्यासकाच्या दृष्टीनं मेलेलं असतं. दोन्ही बाजू, मिलिमीटरची पट्टी, आणि वजन करता आलं तर सोनाराकडच्या काट्यावर वजन करून लिहा.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) आणि शिलालेखाला एक युक्ती. दुपारच्या उन्हात अक्षरं दिसतच नाहीत, म्हणून गावोगावी लोक त्यावर पीठ, खडू, नाहीतर रंग फासतात, ते कृपा करून करू नका, दगडाच्या रेघांत ते बसतं आणि निघता निघत नाही. अंधार पडल्यावर जा, मोबाइल स्टँडवर ठेवा, आणि दुसऱ्या माणसानं बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं आडवा उजेड पाडायचा. मग डावीकडून, उजवीकडून, वरून, असे पाच-सहा फोटो. जिथं दिवसा नुसता खरबरीत दगड दिसत होता तिथं घोड्याचा लगाम आणि ढालीची कड उठून येते, पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. शेंदूर लावलेला असेल तर खरवडायचा नाही. तो कुणाचा तरी देव आहे, पुजाऱ्याला विचारून फोटो काढा आणि गप निघा.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून एकमेकाला फोटो पाठवला की चार एमबीचा शेदोनशे केबी होतो आणि नंतर तोच संग्रहात जातो, आमचा एक अख्खा दिवस असा वाया गेला. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना नोंदणी क्रमांक आणि बाजू, '११२ समोर', '११२ बूड' असं. एक कॉपी हार्डडिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर, आणि हार्डडिस्क संग्रहालयाच्या इमारतीत ठेवायची नाही, तिथंच आग लागली तर वस्तू आणि हार्डडिस्क दोन्ही गेलं.

पोस्ट काय टाकायची

ज्यांना वाटतं जगातल्या मोठ्या संग्रहालयांकडं काहीतरी खास गुपित आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाचं एक ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, शेती, अवजारं, जनावरं, म्हणजे आपल्यासारखंच. त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये एका धिप्पाड मेंढ्याचा जुना फोटो ट्विटरवर टाकला आणि वर पोरांच्या भाषेत एक ओळ, आपण म्हणतो ना 'काय जनावरंय राव', तसली. जगभर गाजलं. दुसरं, अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातलं काउबॉय संग्रहालय, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर सगळे घरी गेले आणि ट्विटर सुरक्षारक्षकांच्या प्रमुखाच्या हाती दिलं. टिम त्याचं नाव. त्याला सांगितलं हॅशटॅग वापर, तर तो चिन्ह न टाकता हॅशटॅग हा शब्दच लिहायचा आणि शेवटी 'थँक्स, टिम'. लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला.

आपल्याकडं टिम आहेच की. संग्रहालयाचे शिपाईमामा. रोज झाडू मारताना प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेलेली असते, कुठली कुठून आली, कोण बैलगाडीतून घेऊन आलं, सगळं त्यांना पाठ. आमच्या पेजवर सगळ्यात चाललेली रील मामांचीच आहे, हातात पायली घेऊन सांगतायत, 'हे मापटं, हे चिपटं, आन् ही पायली, आता किलोवाल्यांना काय कळणार.' पस्तीस सेकंद. मामांना स्क्रिप्ट देऊ नका, दिली की ते भाषण करायला लागतात. नुसतं विचारा 'मामा हे काय आहे' आणि मोबाइल चालू ठेवा. खाली मराठीत अक्षरं टाका कारण निम्मे लोक आवाज बंद करून बघतात. मागं सिनेमाचं गाणं लावू नका, एक तर गाण्याच्या हक्कावरून आवाज उडवला जातो आणि दुसरं म्हणजे वीरगळाच्या मागं ढिंच्याक ढिंच्याक बरं दिसत नाही.

लिहिताना एका पोस्टला एकच वस्तू. ती काय, कुठल्या गावची, कशी आली, आणि मग एक प्रश्न ज्याचं उत्तर गावातल्या माणसाला देता येईल. 'तुमच्याकडं याला काय म्हणतात?' हा प्रश्न कधीच वाया जात नाही, उदगीरकडचा शब्द वेगळा निघतो, किनवटकडचा वेगळा, अंबाजोगाईवाले तिसराच सांगतात. 'हाली रुपया तुमच्या घरात कुणी वापरलेला आठवतो का?' या एका पोस्टवर आजोबांच्या वतीनं नातवंडांनी केवढं लिहिलं. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, १९५० साली सात हालीला सहा कलदार असा हिशोब होता, आणि तो हिशोब करताना दुकानदार अडाणी माणसाला कसा फसवायचा हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

मोठी गोष्ट सांगायची असेल तर जवळच्या वस्तूला धरून सांगा. इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या गावात, भारतातून गेलेली. आणि तिच्यासारखीच हस्तिदंती बाई आपल्या तेरला निघालेली. दोघींचा फोटो शेजारी शेजारी ठेवा, बास, दुसरं काही लिहायची गरज नाही. पुढच्या पोस्टला सांगा की त्याच काळातल्या एका ग्रीक खलाशांच्या पुस्तकात तेर म्हणजे तगर आणि पैठण दोन्हींची नावं आहेत, इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा, तगरचं कापड, पैठणचे गोमेद. तेरच्या पोरांना हे कळलं की शाळेच्या सहलीची जागा बदलते, मी बघितलंय. फोटो मात्र त्या संग्रहालयाच्या परवानगीनं, सरकारी ठिकाणी फोटोचे नियम असतात, दारावर विचारून घ्या.

तारखा हाताशी ठेवा. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन (१९७७ पासून), १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पण खरं सांगू का, पोळ्याच्या दोन दिवस आधी बैलाच्या झुलीची आणि घुंगरमाळेची पोस्ट जेवढी चालते तेवढा संग्रहालय दिन चालत नाही. लातूर-धाराशिवकडच्यांनी येळवशीची (वेळा अमावस्येची) पोस्ट आदल्या दिवशीच टाका. त्या दिवशी सगळे रानात, आंबिल पिऊन झाडाखाली आडवे, आणि तिथं रेंजही नसते.

आलेली माहिती कुठं ठेवायची

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळेजण हेच सोडतात. कमेंट वाचल्या, हार्टचं बटन दाबलं, संपलं. सहा महिन्यांनी ती कमेंट शोधून दाखवा बरं. नोंदवहीत (साध्या कागदी, किंवा एक्सेलमध्ये) दोन रकाने वाढवा: 'लोकांनी सांगितलेलं' आणि 'कोणी, कुठलं गाव, कधी'. दर शनिवारी अर्धा तास बसून आठवड्याच्या कमेंट त्यात उतरवायच्या. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं, आपण न्यायाधीश व्हायचं नाही.

म्हातारी माणसं कमेंट करत नाहीत, ती व्हॉइस मेसेज पाठवतात. म्हणून पेजवर संग्रहालयाचा व्हॉट्सॲप नंबर द्या. मेसेज आला की आधी विचारा, 'मावशी हे आम्ही जपून ठेवू का, तुमच्या नावानं लोकांना ऐकवू का?' हो म्हटल्या तरच ऐकवायचं, आणि ते हो सुद्धा आवाजातच घ्या. आवाजाची किंमत कळायला पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐका, लाखाच्या वर ओव्या आहेत, त्यात माजलगावच्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या पण आहेत. कुणीतरी वेळेत टेप घेऊन बसलं म्हणून त्या राहिल्या.

घरोघरचे जुने फोटो गोळा करायचे असतील तर मूळ फोटो कधीच घेऊन जायचा नाही. त्यांच्याच ओसरीवर बसून मोबाइलनं कॉपी काढायची आणि तिथंच परत द्यायचा, फोटोच्या मागं काही लिहिलं असेल तर मागची बाजूसुद्धा. किल्लारी-सास्तूर भागात हे करताना फार सांभाळून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी गावं गेली त्यांचे भूकंपाआधीचे फोटो म्हणजे गल्ल्या, माळवदाची घरं, बारव, जे आता कुठंच नाही, तो खरा वारसा आहे. पण त्या फोटोतली निम्मी माणसं त्याच रात्री गेलेली असतात. घरच्यांना विचारल्याशिवाय एकही टाकू नका, आणि दर वर्षी ३० तारखेला लाइकसाठी तर मुळीच नको.

मोडी आणि उर्दू-फारसी कागद वाचून घ्यायला ऑनलाइन मदत खरंच मिळते, फोटो टाकला की कुणी ना कुणी जाणकार दोन ओळी लावून देतो. पण जमिनीचे, वतनाचे, कुळाचे कागद पूर्ण टाकू नका. आम्ही एकदा हौसेनं टाकला, आठ दिवसांत दोन भावकीतली माणसं झेरॉक्स मागायला दारात, एकानं तर वकीलच आणला. आता आम्ही फक्त तारीख, शिक्का आणि चार ओळी दाखवतो.

भांडणं, चोर आणि कायदा

इतिहासाची पोस्ट म्हणजे जात, धर्म, घराणं आणि 'पुरावा काय' हे ठरलेलं. आमचा नियम साधा आहे, 'लिहिलेलं आहे', 'अभ्यासक म्हणतात' आणि 'गावात सांगतात' या तीन गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत. वाक्यातच सांगायचं कुठली कुठली. तलवार दिसली की शिवकालीन म्हणायची सवय सोडा, आम्ही एका तलवारीला तसं म्हणून बसलो आणि उदगीरच्या एका निवृत्त मास्तरांनी मुठीवरचा कारखान्याचा शिक्का वाचून दाखवला. पोस्ट डिलीट करू नका चूक निघाली तर, वर 'दुरुस्ती' लिहून तीच ठेवा, माणसं जास्त विश्वास ठेवतात. शिव्यांसाठी फेसबुकच्या सेटिंगमध्ये शब्दांची यादी टाकता येते, ते शब्द असलेली कमेंट आपोआप लपते. आपल्याकडच्या खास शिव्या त्यात हातानं भरा, कंपनीला त्या माहीत नसतात.

रानात, ओढ्याकाठी, पडक्या देवळात असलेल्या सुट्या मूर्तीचं लोकेशन कधीच टाकायचं नाही. तालुका सांगा, पुरे. मोबाइलच्या फोटोच्या आत जागेची नोंद असते, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते, विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या मोकळ्या साठ्यावर) टाकला तरी राहते. म्हणून असल्या जागी जाताना कॅमेऱ्याचं लोकेशनच बंद करून जा. रील काढताना कुलूप, मागची खिडकी, मामांची ड्युटी किती ते किती, यातलं काही दिसायला नको.

इनबॉक्समध्ये हमखास येणारा मेसेज म्हणजे 'दादा शेतात नाणी सापडलीत, किती भाव येईल'. भाव सांगायचा नाही, कधीच. शंभर वर्षांवरची वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, आणि जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची हे १८७८ च्या कायद्यापासून आहे. हे एकदा नीट लिहून ठेवा आणि प्रत्येकाला तेच कॉपी-पेस्ट करा. दम देऊ नका, बिचारा घाबरून नाणी वितळवून टाकेल.

फोटो चोरतील ही भीती

कमिटीच्या मीटिंगला हा मुद्दा निघतोच आणि मग कुणीतरी वस्तूच्या तोंडावर भलामोठा वॉटरमार्क मारायला सांगतं. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियमनं २०१२ पासून मोठ्या साइजचे फोटो फुकट उतरवून घ्यायला दिले. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास फोटो कुणीही कशासाठीही वापरा म्हणून मोकळे केले, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन संस्थेनं २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. त्यांचं काही बुडालं नाही तर आपल्या पाटा-वरवंट्याचं काय बुडणार? खाली कोपऱ्यात बारीक नाव टाका, एवढं पुरे. माझं तर म्हणणं, निवडक वीस-तीस फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मोकळ्या परवान्यानं टाका आणि मराठी विकिपीडियावर तुमच्या गावच्या लेखाला जोडा. फेसबुकची पोस्ट चार दिवसांची, तो लेख पोरं दहा वर्षांनी प्रोजेक्टला उघडतील. फक्त एवढं बघा की फोटो तुम्ही स्वतः काढलेला आहे. स्टुडिओवाल्यानं काढलेला जुना फोटो टाकताना हक्क कुणाचा ते तपासा, आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो.

क्यूआर कोडचं थोडक्यात. पाटीशेजारी कोड, स्कॅन केला की मामांच्या आवाजात माहिती, ही कल्पना भारी आहे आणि स्वस्त पण. पण कोड बनवताना फुकटच्या साइटवरचा 'डायनॅमिक' प्रकार घेऊ नका, त्यात कोड आधी त्यांच्या साइटवर जातो आणि मुदत संपली की बंद पडतो. आम्ही चाळीस पाट्या लॅमिनेट करून बसलो होतो. साधा 'स्टॅटिक' घ्या, जो थेट तुमच्याच लिंकवर जातो. आणि खोलीत रेंज येत नसेल तर कोड बाहेर व्हरांड्यात लावा, सरळ आहे.

पासवर्ड

आमचं पहिलं पेज एका हुशार पोरानं स्वतःच्या नंबरवरून काढलं. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, पासवर्ड त्यालाही आठवेना. अडीच वर्षांचं काम, सगळ्या कमेंटसकट, डोळ्यासमोर दिसतंय पण हात लावता येत नाही, कुणी त्यावर विचारलं तर उत्तरही देता येत नाही. चाड्याची ती मूळ पोस्ट त्याच पेजवर आहे. नशीब, मावशींचा आवाज व्हॉट्सॲपवर आलेला होता आणि तो आम्ही वेगळा ठेवला होता.

तर संस्थेच्या नावानं सिम घ्या आणि त्याला रिचार्ज मारत राहा, बरेच महिने बंद राहिलं की नंबर दुसऱ्याला जातो आणि ओटीपी पण त्यालाच. ईमेल संस्थेचा. फेसबुक पेजला कमीत कमी दोघांना पूर्ण ताबा द्या, त्यातला एक असा माणूस की जो गाव सोडून जाणार नाही. इन्स्टा, युट्यूब, गूगल, ड्राइव्ह, सगळ्यांचे पासवर्ड आणि रिकव्हरी कोड एका कागदावर लिहून लिफाफ्यात, लिफाफा सीलबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि पासवर्ड बदलला की लिफाफा पण बदलायचा. आमच्या लिफाफ्यावर मामांनी स्वतःच्या अक्षरात नोंदणी क्रमांक टाकलाय, ४१७.